तेरीज जुळली, पण हिशोब बरोबर आहे का? फाइल सिस्टिम तपासणाऱ्या कमांडची गोष्ट

वीज जाते, पीसी बंद पडतो. वीज येते, पीसी सुरू करावा तर विंडोजच्या आधी निळा स्क्रीन हजर: स्कॅनडिस्क. विंडोज ९८ वापरलेल्या प्रत्येकाला तो आठवत असेल. वर उपदेशही असायचा, की कंप्युटर नीट बंद केला गेला नाही, पुन्हा हे बघायचं नसेल तर स्टार्ट मेनूतून शट डाउन करत जा. लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी आणि सायबर कॅफेंनी हा उपदेश निमूटपणे ऐकला. वीज आम्ही घालवली नव्हती, हे त्याला सांगणार कोण?

तो पट्टा हळूहळू शंभर टक्क्यांपर्यंत सरकायचा आणि आपण सुटकेचा श्वास सोडायचो. पण त्या पाचदहा मिनिटांत तो प्रोग्रॅम नेमकं काय करत होता? बहुतेकांचं उत्तर असतं, 'डिस्क खराब झाली का ते बघत होता आणि झाली असेल तर दुरुस्त करत होता.' हे उत्तर अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर पन्नास वर्षं संशोधन चालू आहे. म्हणून आज जरा मागे जाऊया.

सुरुवात हिशोबाच्या वह्यांपासून करतो. फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवरचा हिशोबच असतो. डिस्कचे लहान लहान सारखे तुकडे पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. कुठला ब्लॉक कुठल्या फाइलचा, कुठला मोकळा, याची नोंद ठेवावी लागते. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलचं एक खातं असतं, त्याला आयनोड म्हणतात. फाइलचा आकार, मालक, ब्लॉकचे पत्ते हे सगळं त्यात. गंमत अशी की फाइलचं नाव मात्र त्यात नसतं. नाव डिरेक्टरीत असतं: सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली एक नोंद १६ बाइटची, त्यात २ बाइट खात्याचा नंबर आणि १४ बाइट नाव. एकाच खात्याला दोन-तीन नावंही असू शकतात, म्हणून किती नावं आहेत हा आकडा खात्यात वेगळा लिहिलेला. आणि मोकळ्या ब्लॉकची यादी आणखी तिसरीकडे.

आता नीट बघा, इथे एकच गोष्ट दोन ठिकाणी नोंदवली जाते आहे. ५००० नंबरचा ब्लॉक एखाद्या फाइलच्या खात्यात असेल तर तो मोकळ्या यादीत असता कामा नये. खात्यात 'नावं २' असं लिहिलं असेल तर सगळ्या डिरेक्टऱ्या चाळल्यावर त्या खात्याची नावं दोनच सापडली पाहिजेत. कॉमर्सवाल्या मित्रांना हे लगेच कळेल. जमा आणि नावे दोन्हीकडे नोंद होते म्हणून तर तेरीज काढता येते.

अडचण कुठे येते? एक नवी फाइल तयार करायची तर खातं, डिरेक्टरी आणि मोकळ्यांची यादी अशा निदान तीन ठिकाणी बदल करावे लागतात, आणि डिस्क ते एका झटक्यात करू शकत नाही. शिवाय वेग मिळावा म्हणून हे बदल आधी मेमरीत साठवले जातात. जुन्या युनिक्समध्ये दर ३० सेकंदांनी एक प्रोग्रॅम मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायचा. त्या मधल्या वेळात वीज गेली, की एका वहीत नोंद झालेली आणि दुसरीत राहिलेली.

हे युनिक्सच्या लेखकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बेल लॅब्जमधल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं आहे, आणि त्यात 'चेक' नावाची कमांड आहे. पुढे तिचे तुकडे झाले. आयचेक ब्लॉकचा हिशोब बघायची: कुठला ब्लॉक दोन खात्यांत आहे, कुठला कुठेच नाही. डीचेक नावांची मोजणी करून खात्यातल्या आकड्याशी ताडून बघायची. एनचेक खात्याच्या नंबरावरून नाव शोधून द्यायची. आणि सीएलआरआय खातं पुसून टाकायची, न विचारता.

या कमांड मुख्यतः सांगायच्या. दुरुस्ती करायची ती माणसाने. मशीन पडलं की ऑपरेटर कागदावर छापून आलेले नंबर बघत बसायचा: हे खातं कोणाचं, हे पुसलं तर काय जाईल, आधी डिरेक्टरीतलं नाव काढू की आधी खातं पुसू? क्रम चुकला तर पंचाईत, कारण नाव तसंच ठेवून खातं पुसलं आणि तो नंबर उद्या दुसऱ्या फाइलला मिळाला, तर जुनं नाव नव्या फाइलकडे बोट दाखवायला लागतं. आयचेकला मोकळ्यांची यादी नव्याने बांधता यायची, पण तिथेही एक मेख होती. यादी बांधून झाली की मशीन ताबडतोब रीबूट करायचं, आणि करताना मेमरीतलं डिस्कवर उतरवायचं नाही. कारण मेमरीत अजून जुनी, चुकीचीच प्रत बसलेली असते. ती उतरली की केलेली दुरुस्ती पुसली गेली. एरवी मशीन बंद करण्यापूर्वी 'सिंक' करा, दोनदा करा, असं बजावणारे लोक इथे मात्र 'सिंक अजिबात नको' म्हणायचे.

१९७० च्या दशकाच्या शेवटी बेल लॅब्जमध्ये टी. जे. कोवाल्स्की यांनी या सगळ्या कमांडचं काम एकात आणलं. एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम चेक. बोलताना बरेच जण 'फस्क' म्हणतात, मीही पुढे तेच लिहितो. फस्क टप्प्याटप्प्याने चालते: आधी ब्लॉक आणि आकार, मग डिरेक्टरीतली नावं, मग प्रत्येक डिरेक्टरी मुळापासून जोडलेली आहे का, मग नावांची मोजणी, शेवटी मोकळ्यांची यादी. हा क्रम आजही लिनक्सवर ओळखीचा वाटेल. मोठा बदल असा की फस्क चूक दाखवून थांबत नाही. ती उपाय सुचवते आणि हो की नाही एवढंच विचारते.

फस्कची सर्वात लोभस कल्पना म्हणजे लॉस्ट प्लस फाउंड ही डिरेक्टरी. लिनक्स वापरत असाल तर ती तुम्ही पाहिली असेल, आणि हे काय म्हणून सोडूनही दिली असेल. एखादं खातं व्यवस्थित आहे, ब्लॉक आहेत, पण नाव कुठेच सापडत नाही, अशी बेवारस फाइल फस्क तिथे ठेवते, नाव म्हणून खात्याचा नंबर. आता बारकावा बघा. जुन्या काळी ही डिरेक्टरी आधीच बनवून ठेवावी लागे, आणि तिच्यात जागाही आधीच करून ठेवावी लागे: ढीगभर रिकाम्या फाइली तयार करायच्या आणि पुसून टाकायच्या, म्हणजे नोंदींच्या जागा शिल्लक राहतात. कशाला हा खटाटोप? तर मोकळ्यांच्या यादीवर जेव्हा आपलाच विश्वास नसतो, तेव्हा त्या यादीतून नवा ब्लॉक घेणं धोक्याचं. वही तपासताना त्याच वहीची कोरी पानं वापरायची नाहीत, इतकी साधी पण पक्की समज.

आता मूळ प्रश्न. दोन वह्या जुळत नाहीत, तर खरी कुठली?

काही ठिकाणी उत्तर सोपं आहे. खात्यात 'नावं २' लिहिलंय आणि मोजली तर ३ निघाली, तर मोजणीवर विश्वास ठेवायचा. पण एकच ब्लॉक दोन फाइलींच्या खात्यांत असेल तर? ब्लॉकमधला मजकूर दोघांपैकी एकाचाच आहे. फस्कच्या जुन्या दस्तऐवजात यावर सल्ला आहे, की ज्या खात्यात शेवटचा बदल आधीचा, ते बहुधा चुकीचं, ते पुसा. बहुधा! म्हणजे हा अंदाज आहे, अनुभवी माणसाचा असला तरी अंदाजच. पुढे लिनक्ससाठी थिओडोर त्सो यांनी लिहिलेल्या ई-टू-फस्कने यातून वेगळी वाट काढली: ब्लॉकची नक्कल करायची आणि दोन्ही फाइलींना एकेक प्रत द्यायची. भांडण मिटलं, हिशोब जुळला. फक्त एका फाइलमध्ये आता दुसऱ्याच फाइलचा मजकूर आहे, आणि यापुढे कुठलीही तपासणी ते पकडू शकणार नाही.

म्हणजे फस्क सुसंगती तपासते, सत्य नाही. पाटलांच्या खात्यावर टाकायची उधारी पवारांच्या खात्यावर टाकली तरी तेरीज जुळतेच. तुमच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मधली चार पानं शून्यांनी भरलेली असतील तर फस्कच्या दृष्टीने ती फाइल ठणठणीत आहे. शेवटी येणारा 'क्लीन' हा शब्द तुमच्या मजकुराबद्दल काहीच बोलत नाही, आणि माझ्या मते या विषयात सर्वात जास्त नुकसान या एका शब्दाच्या गैरसमजाने केलंय.

हे ओळखूनच असेल, बर्कलीच्या मंडळींनी दुरुस्तीच्या आधीच्या बाजूला लक्ष घातलं. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये नवी वेगवान फाइल सिस्टिम आली आणि मार्शल कर्क मॅकक्युझिक यांनी कोवाल्स्कींची फस्क तिच्यासाठी सुधारून घेतली. यात डिस्कवर लिहिण्याचा क्रम बांधून दिला होता. नवी फाइल करताना आधी खातं डिस्कवर, मग डिरेक्टरीत नाव. मधेच वीज गेली तर उरेल ते नाव नसलेलं खातं, आणि बेवारस खात्याचं काय करायचं ते फस्कला माहीत आहे. उलट क्रमाने लिहिलं असतं तर नाव भलत्याच जुन्या खात्याकडे बोट दाखवत राहिलं असतं. म्हणजे चूक होणारच असेल तर ती उलगडता येईल अशीच व्हावी. याची किंमत वेगात मोजावी लागली, कारण असं प्रत्येक लिहिणं पुरं होईपर्यंत थांबायचं. पुढे गँगर आणि पॅट यांनी १९९४ मध्ये क्रम पाळूनही न थांबण्याची युक्ती मांडली, सॉफ्ट अपडेट्स. ती बीएसडीत आली, पण इतकी गुंतागुंतीची की इतरांनी फारशी उचलली नाही.

इकडे पीसीच्या जगात याच कामाला चेकडिस्क होती, डॉसच्या १९८१ च्या पहिल्या आवृत्तीपासून. बेवारस ब्लॉकांच्या साखळ्या ती फाइल०००० डॉट सीएचके अशा नावांनी मुळाशी आणून ठेवायची. कोणी त्या कधी उघडून उपयोगात आणल्या असतील, तर मला भेटायला आवडेल. स्कॅनडिस्क नंतरची, १९९३ च्या डॉस ६.२ मधली. डॉस ५.० मधल्या चेकडिस्कमध्ये तर एक भयंकर दोष होता. विशिष्ट आकाराच्या पार्टिशनवर दुरुस्ती करायला सांगितली की चांगला असलेला डेटाच खराब व्हायचा. सुधारित ५.०ए आवृत्ती काढावी लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग डिस्क मोठ्या झाल्या. फस्कला सगळी खाती वाचायची असतात, आणि फिरणाऱ्या डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला १०० उड्या. विखुरलेल्या १० लाख नोंदी वाचायच्या तर १०,००० सेकंद, पावणेतीन तास. प्रत्यक्षात बरंचसं वाचन सलग होतं, म्हणून इतकं वाईट नसतं, पण डिस्कची क्षमता ज्या गतीने वाढली त्या गतीने ही उडी काही वाढली नाही. सर्व्हर पडला की चालू व्हायला तासन्‌तास. लिनक्सच्या ईएक्सटी२ आणि ईएक्सटी३ वर तर वीसतीस वेळा माउंट झालं किंवा १८० दिवस उलटले की वीज न जाताही सक्तीची तपासणी व्हायची, आणि ती नेमकी सेमिनारच्या सकाळी प्रोजेक्टर जोडल्यावर सुरू व्हायची. हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

यावरचा तोडगा आपल्या व्यापाऱ्यांना जुनाच ठाऊक होता: रोजकीर्द. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग सवडीने खतावणीत चढवायचा. खतावणी अर्धवट राहिली तर रोजकीर्दीची शेवटची पानं काढून राहिलेल्या नोंदी पुऱ्या करायच्या, सगळी खाती उलटून बघायची गरज नाही. यालाच जर्नलिंग म्हणतात. कल्पना डेटाबेसवाल्यांकडून आली. आयबीएमची जेएफएस १९९० ची, सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस १९९४ ची, आणि स्टीफन ट्वीडी यांची ईएक्सटी३ नोव्हेंबर २००१ मध्ये मुख्य लिनक्समध्ये दाखल झाली. तासांचं काम सेकंदांवर आलं. एक्सएफएससाठी फस्कच्या नावाने जी कमांड असते, तिच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की ती काहीही करत नाही, आणि ते यशस्वीपणे करते.

मग तपासणीची गरज संपली का? नाही, आणि इथे पुष्कळ लोक फसतात. रोजकीर्द फक्त अर्धवट राहिलेल्या व्यवहारांपासून वाचवते. डिस्कच्या पृष्ठभागावर एखादा बिट उलटला, केबल खराब निघाली, फाइल सिस्टिमच्या कोडमध्येच दोष असला, तर चुकीची नोंदच रोजकीर्दीमार्फत व्यवस्थित चढवली जाते. ईएक्सटी३ मध्ये जर्नल असूनही ती सक्तीची तपासणी बराच काळ ठेवली होती ती याचसाठी. एक्सएफएसलाही दुरुस्तीची वेगळी कमांड द्यावीच लागली.

२००५ मध्ये सनच्या जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आहरेन्स यांची झेडएफएस खुली झाली तेव्हा तिने मूळ प्रश्नच वेगळा विचारला. दोन वह्या जुळतात का हे बघण्याऐवजी प्रत्येक ब्लॉकचा एक चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा, त्याच्या वरच्या पातळीवर ठेवायचा. वाचताना आकडा जुळला नाही तर हा ब्लॉक खोटा, दुसरी प्रत असेल तर ती आण. सुसंगती सोडून मजकुराकडे बघणारी ही पायरी होती. झेडएफएसला फस्क नाही, असं तिचे कर्ते अभिमानाने सांगत. दुसरी प्रत नसेल तर मात्र तीही 'ही फाइल गेली' एवढंच सांगू शकते. मला विचाराल तर तेही चुकीचं काहीतरी गुपचूप हातात ठेवण्यापेक्षा बरं.

तरीही जगातल्या बहुतेक लिनक्स मशीनवर आज ईएक्सटी४ आणि एक्सएफएस आहेत, म्हणजे तपासनीस आहेतच. मग या तपासनिसांना कोणी तपासलं का?

२००८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हर्यादी गुनावी आणि सहकाऱ्यांनी ओएसडीआय परिषदेत एक पेपर मांडला. त्यांनी मुद्दाम बिघडवलेल्या डिस्कवर ई-टू-फस्क चालवून बघितली. काही वेळा दुरुस्तीनंतर परिस्थिती आधीपेक्षा वाईट! समजा, एका खात्यात लिहिलंय की 'माझ्या पुढच्या पत्त्यांची यादी अमुक ब्लॉकमध्ये आहे', आणि हा पत्ताच बिघडलेला आहे. तो खरं तर फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या महत्त्वाच्या नोंदींकडे जातो. तपासनीस तिथे जातो, ही पत्त्यांचीच यादी असं समजून वाचतो, त्यात अशक्य आकडे दिसतात, ते पुसतो. आपण काय पुसलं हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एकेक उपाय सुटा बघितला तर शहाणपणाचा, पण क्रम चुकीचा. हजारो ओळींच्या सी कोडमध्ये हे दिसत नाही, म्हणून त्यांनी सगळ्या तपासण्या एसक्यूएल क्वेरींच्या रूपात लिहून दाखवल्या. हा पेपर मी नव्या विद्यार्थ्यांना सर्वात आधी वाचायला देतो.

दहा वर्षांनी, २०१८ च्या फास्ट परिषदेत, माई झेंग यांच्या गटाने त्याहून साधा प्रश्न विचारला: फस्क चालू असतानाच वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न कोणालाही सुचेल. वीज एकदा येऊन टिकते थोडीच? टेक्सासमधल्या एका हाय परफॉर्मन्स कंप्युटिंग केंद्रात हे खरोखर घडलं होतं. वीज गेली, आली, लस्टर या मोठ्या फाइल सिस्टिमची तपासणी सुरू झाली, आणि ती पुरी व्हायच्या आत वीज पुन्हा गेली. पहिल्या वेळी वाचलेला डेटा दुसऱ्या वेळी गेला. झेंग यांच्या गटाने ई-टू-फस्क आणि एक्सएफएसची दुरुस्ती-कमांड मधे मधे तोडून पुन्हा चालवल्या, तेव्हा दोन्हींत अशी उदाहरणं सापडली, जिथे दुसऱ्यांदा चालवूनही नुकसान भरून येत नव्हतं. ई-टू-फस्कमध्ये यासाठी एक सोय आधीपासून होती: बदलण्यापूर्वीची प्रत बाजूला लिहून ठेवायची, म्हणजे गरज पडल्यास मागे जाता येईल. पण प्रत आधी डिस्कवर पोचेल आणि बदल मागून, याची खात्री त्या सोयीत घेतलेलीच नव्हती. बर्कलीने १९८३ मध्ये सोडवलेला क्रमाचा प्रश्न तपासनिसाच्या आतच पुन्हा उभा राहिला होता.

त्यामुळे तुमच्या डिस्कवर खरंच काही बिनसलं, आणि वरची एकही कॉपी नसेल, तर घाईने फस्कला 'वाय' पर्याय देऊन मोकळे होऊ नका. 'वाय' म्हणजे प्रत्येक प्रश्नाला आधीच हो. बीएसडीच्या मॅन्युअलने तो जपून वापरायला सांगितलंय, कारण कितीही मोठा घोळ समोर आला तरी पुढे जाण्याचा तो परवानाच आहे. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. मूळ डिस्क बाजूला ठेवून द्या. प्रतीवर आधी 'एन' पर्यायाने चालवा, म्हणजे ती फक्त सांगेल, लिहिणार काही नाही. यादी वाचा. मग प्रतीवरच दुरुस्ती करा आणि फाइली उघडून बघा, कारण आत काय असायला हवं होतं हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

लिनक्सवरच्या बीटीआरएफएस या नव्या फाइल सिस्टिमची तपासणी-कमांड तर सांगितल्याशिवाय काहीच बदलत नाही. दुरुस्तीचा पर्याय दिलाच, तर ती आधी इशारा छापते की एखाद्या डेव्हलपरने किंवा जाणकाराने सांगितल्याखेरीज हे करू नका. मग दहा सेकंद उलटी मोजते, तेवढ्यात तुम्हाला कंट्रोल-सी दाबता यावं म्हणून.